'फँड्री'चं गाणं : प्रेमभंग कोणी केला?

आमच्या परभणी जिल्ह्यात वरात निघाली की डीजेवर कधी ना कधी 'फँड्री'चं गाणं लागतंच. संगीत अजय-अतुल यांचं, आवाज अजय गोगावले यांचा. पोरं बेभान होऊन नाचतात. पण हे दुखावलेल्या काळजाचं गाणं आहे आणि ते काळीज जातीनं दुखावलं आहे, याचा विचार नाचताना कोण करतो?

मुळात हे गाणं चित्रपटात नाहीच. ते प्रसिद्धीसाठी केलेलं. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे नेमका 'प्रेमाच्या दिवशी' प्रदर्शित झाला. पडद्यावर दिसलं ते डुकरं धरणारं कैकाडी कुटुंब. जब्याला वर्गातली सवर्ण शालू आवडते. काळ्या चिमणीची राख टाकली की ती आपली होईल, या आशेनं तो रानोमाळ भटकतो. शेवटी शाळेजवळ त्याला डुकरामागं धावावं लागतं. गाव हसतं, शालूही हसते.

लक्षात घ्या, शालूनं जब्याला नकार दिलेला नाही. विचारायची पाळीच आली नाही. नकार त्याच्या जन्माआधीच ठरलेला होता. मग याला 'प्रेमभंग' म्हणायचं की जातिव्यवस्थेचा रोजचा व्यवहार?

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सांगितलं : जातीतल्या जातीतच लग्न. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्यासाठीच उभ्या राहिल्या. पुढं १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. म्हणजे कोणी कोणावर जीव लावायचा, हा जातीच्या दृष्टीनं खाजगी प्रश्न कधीच नव्हता.

वस्त्यांवर काम करताना आम्हाला असे जब्या भेटतात. पूर्णा तालुक्यातल्या एका पोराच्या मोबाईलवर हेच गाणं सारखं वाजायचं. मुलीच्या घरच्यांनी त्याला हातही लावला नाही. फक्त त्याच्या बापाला त्या वर्षी कोणी सालगडी म्हणून ठेवलं नाही. पोरानं अकरावी सोडली. लोक म्हणाले, पोरीच्या नादानं वाया गेला. बापाचं काम कोणी बंद केलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

कायद्याचंही बघा. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, आमच्या मराठवाड्यात विमुक्त जातीत. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. म्हणजे परभणीच्या जब्याला त्या कायद्याचा आधारही नाही! एकाच अपमानाला जिल्हा बदलला की वेगळा न्याय कसा?

आणि प्रश्न फक्त सवर्णांना विचारून भागणार नाही. आपण बौद्ध म्हणवतो. मातंग, कैकाडी, वडार घरात आपल्यापैकी किती जणांनी सोयरीक केली? पोरीनं तसं नाव घेतलं की आपल्या घरातही आवाज चढतोच ना? धम्म स्वीकारला आणि सोयरीक मात्र जुनीच ठेवली, तर बाबासाहेबांचा निबंध वाचून काय उपयोग?

'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाकडं येतो. त्या प्रेक्षकांत आपणही बसलेलो आहोत. गाण्यावर खुशाल नाचा. पण घरात पोरगा किंवा पोरगी परजातीचं नाव घेईल, त्या दिवशी आधी जात विचारू नका, माणूस कसा आहे ते विचारा.

जय भीम!