हुआ हिनचे आठ दिवस

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो १९८१ सालच्या ६ डिसेंबरला, दादरला. पुढे जितक्यांदा पाहिला, तितक्यांदा ६ डिसेंबरलाच. तेव्हा नांदेडहून निघाले की मनमाडला गाडी बदलावी लागे. शिवाजी पार्कवर उघड्यावर मुक्काम, गठुड्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मग चैत्यभूमीची रांग. रांगेत पुढे सरकता सरकता उजेडात चमकणारे पाणी दिसायचे. त्याच्याजवळ जाऊन बसावे असे कधी मनात आले नाही. आपण तिथे बसायला गेलेलो नसतो.

म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत मी थायलंडला एकटी निघाले तेव्हा नायगावात बरीच चर्चा झाली. बोधगयेला जाते म्हटले असते तर वस्तीने हार घालून निरोप दिला असता. मी खरे तेच सांगितले, की सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता समुद्राकाठी आठ दिवस नुसते बसायला जाते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बसायचंच हाय तर विहाराच्या ओट्यावर बसा की बाई. त्याला इमानाचं तिकीट कशाला?" मुलगा म्हणाला, "आई, निदान टूरसोबत तरी जा." टूरसोबत गेले की पहाटे पाचला उठवतात. ते मला नको होते.

थायलंडच का, तर २०२३ च्या जानेवारीत तिथले शंभराहून जास्त भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे पायी निघाले, तेव्हा मी परभणीला गेले होते. ते आपल्या मराठवाड्याच्या धुळीतून चालत गेले. त्यांचा देश एकदा बघावा असे त्या दिवशी वाटले.

हुआ हिन हे गाव बँकॉकपासून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताकाठी आहे. नावाचा अर्थ दगडाचे डोके. किनाऱ्यावर तसे खडक आहेतही. रेल्वे आल्यावर राजघराण्यातली मंडळी इथे हवापालटाला येऊ लागली. राजा प्रजाधिपोक याने इथे महाल बांधला आणि त्याचे नाव ठेवले क्लाय कांगवोन, म्हणजे काळजीपासून दूर. १९३२ च्या जूनमध्ये बँकॉकमध्ये क्रांती होऊन त्याची अनियंत्रित सत्ता गेली, ती खबर त्याला याच गावी मिळाली. महालाच्या नावाचा काही उपयोग झाला नाही.

माझी खोली साधी होती. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्या हात जोडायच्या, मी हात जोडून जयभीम म्हणायचे. त्यांनी नाव विचारले, पण आडनाव विचारले नाही. आठ दिवसांत कुणीच विचारले नाही. नायगावात नव्या माणसाशी बोलताना तिसऱ्या वाक्याला आडनाव येते, हे मला तिथे गेल्यावर जाणवले.

पण पहिले दोन दिवस मला बसताच आले नाही. चारला जाग यायची. कपडे धुऊन व्हायचे, चादर झटकून व्हायची, तरी सहा वाजलेले नसायचे. दुसऱ्या दिवशी अंगणातला केरसुणा मी हातात घेतला, तर मालकीणबाईंनी हसत तो काढून घेतला. मला माझी माय आठवली. ती दुसऱ्याच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची. मायला दिवसा आडवी झालेली मी एकदाच पाहिली, आणि त्यानंतर ती उठली नाही. दिवसा अंग टाकले की काहीतरी वाईट होते, असे माझ्या मनाने तेव्हाच घेतले असावे.

आणि बाबासाहेब! शेवटच्या रात्रीसुद्धा त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले. त्यांच्या लेकरांनी खुर्ची टाकून समुद्र बघत बसावे? हा प्रश्न मला तिथे फार छळत होता. उत्तर काही मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूत बसल्या बसल्या झोप लागली आणि दोन तासांनी जाग आली, एवढेच. पायाशी पाणी आले होते.

२४ फेब्रुवारीला माघ पौर्णिमा होती. गावाच्या दक्षिण टोकाला ताकियाब नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून उभी असलेली बुद्धांची उंच सोनेरी मूर्ती आहे, आणि माकडे तर सांगायलाच नको. संध्याकाळी मालकीणबाई मला तिथल्या विहारात घेऊन गेल्या. हातात कमळ, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या घेऊन लोक तीन प्रदक्षिणा घालतात. भिक्खूंनी त्रिसरण सुरू केले. चाल वेगळी, स्वर लांबवलेले. पण शब्द तेच, जे आपली पोरे रविवारी विहारात म्हणतात. मी सोबत म्हणू लागले तशा मालकीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटे भारतात बौद्ध उरलेच नाहीत. मी फोनमधला बाबासाहेबांचा फोटो दाखवला. "भिक्खू?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. कोट-टायमधल्या या माणसाने १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना धम्म दिला, हे खुणांनी कसे सांगणार? त्यांनी फोटोला हात जोडले.

सगळेच मला पटले असे नाही. घराघरापुढे खांबावर भुताखेतांसाठी लहान देवघर असते, त्याला लाल सरबताची बाटली वाहतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते खटकणारच. आणि १९२८ च्या संघाच्या आदेशामुळे तिथे स्त्रियांना भिक्खुणी दीक्षा देत नाहीत. धम्मानंदा यांना २००३ मध्ये श्रीलंकेत जाऊन ती घ्यावी लागली. बुद्धांनी महाप्रजापतीला संघात घेतले होते, हे या लोकांना मी सांगायचे का?

परत आल्यावर धाकट्या बहिणीला सगळे सांगितले. ती अजून रोजंदारीने जाते. म्हणाली, "मला समिंदर दिसतो की दरवर्षी."

त्या डिसेंबरला आम्ही दोघी दादरला गेलो. दर्शन झाल्यावर मी तिला गर्दीतून काढून पाण्यापाशी नेले आणि बस म्हटले. "गाडी चुकंल," ती म्हणाली. गाडीला पाच तास होते. शेवटी बसली. गठुडे मात्र तिने मांडीवरच धरून ठेवले होते.