एक बाजू लावून धरणारे

टीव्हीवर जुने सामने पाहत बसणारा माणूस घरच्यांना थोडा वाया गेलेलाच वाटतो. निकाल ठाऊक, कोण कधी बाद होणार तेही ठाऊक. मग बघायचं काय उरतं? बायकोनं, मुलांनी, शेजाऱ्यांनी हा प्रश्न मला विचारलेला आहे आणि पुष्कळ वर्षं मी तो हसण्यावारी नेला. आता साठीच्या आसपास आल्यावर त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं. या सामन्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते क्रिकेटपुरतं नाही. माझ्याच घरातला एक माणूस मला त्यांच्यामुळे दिसला. उशिरा दिसला, पण दिसला.

आमचं पिंपरी पेंढार जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये. आमच्या लहानपणी खेळ म्हटला की दोनच: यात्रेतला बैलगाडा आणि यात्रेतलाच कुस्त्यांचा आखाडा. घाटात बारी सुटली की दहा-पंधरा सेकंदांत गाडा वर पोचायचा, निशाण पडायचं आणि किती सेकंद लागले ते भोंग्यावरून सांगितलं जायचं. कुस्तीत पाठ लागली की संपलं. अशा गावातल्या पोराला पाच दिवस खेळूनही सामना अनिर्णित राहतो, हे पटायला कठीणच. तरी मला क्रिकेटचं वेड लागलं ते रेडिओमुळे. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन सुरू झालं की मैदान डोळ्यांपुढे उभं राहायचं. माझ्या मैदानात मात्र एकच माणूस असायचा, सुनील गावसकर. बाकीचे दहा जण त्याच्या सोबतीला पाठवलेले.

सप्टेंबर १९७९ मध्ये ओव्हलच्या कसोटीची बातमी आली. पुण्याहून एसटीनं येणारा पेपर आम्हाला दुपारी मिळायचा. चौथ्या डावात भारतापुढे ४३८ धावांचं लक्ष्य, त्यात गावसकरच्या एकट्याच्या २२१, आणि वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ४२९. नऊ धावा कमी. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, गोठ्यात शेण भरत होते. त्यांना मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्या जोडीला कोण व्हतं?"

"होता कुणीतरी चौहान," असं म्हणून मी पुढचं वाचत राहिलो.

त्या काळी पुण्याला जाताना नारायणगावच्या बाजूला आर्वीच्या विक्रम उपग्रह केंद्राची अवाढव्य तबकडी दिसायची. १९७१ साली सुरू झालेलं हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र. परदेशातले सगळे सामने आधी या तबकडीत पडतात आणि मग देशभर जातात, अशी आम्हा पोरांची ठाम समजूत होती आणि तिचा आम्हाला मोठा अभिमान होता. २५ जून १९८३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना दूरदर्शननं थेट दाखवला. ओतूरला ओळखीच्या एका घरी, सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या केलेल्या उंच अँटेनाच्या भरवशावर, आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. मोहिंदर अमरनाथनं २६ धावा केल्या, १२ धावांत ३ बळी घेतले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. पण माझ्या डोक्यात राहिला तो फक्त कपिलनं घेतलेला रिचर्ड्सचा झेल. दादा आले नव्हते. गाय व्यायला झाली होती, म्हणून ते घरीच थांबले. त्यांना काय चुकलं याचा विचार माझ्या मनात आला नाही.

पुढे मी शिकायला पुण्याला गेलो, वाडिया कॉलेजात. वडील गेल्यावर दादांनी मॅट्रिकनंतरचं शिक्षण सोडून शेती हातात घेतली होती. बाजारात कांदा घातला, पट्टी हाती पडली की ते मला मनीऑर्डर करायचे. रात्रीची वीज असली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचे. सुट्टीत मी घरी असलो तरी मला उठवायचे नाहीत. "तू वाच," म्हणायचे. मीही वाचायचो. एक भाऊ शिकतो आणि एक भाऊ शेती करतो, हे मला दिवस-रात्रीइतकं नैसर्गिक वाटे. ज्या कॉलेजात मी शिकत होतो त्याच कॉलेजातून, कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार होऊन, चेतन चौहान भारतीय संघापर्यंत गेला होता. मी स्वतःला क्रिकेटवेडा म्हणवून घेत असे, पण हेसुद्धा मला तिथे असताना माहीत नव्हतं. गावसकरची प्रत्येक शतकी खेळी मला तोंडपाठ होती.

बँकेत नोकरी लागली, पुण्यात घर झालं आणि नव्वदच्या दशकात केबल आली. क्रीडावाहिन्यांवर रात्री उशिरा जुने सामने लागत. एका रात्री ओव्हल लागलं. ज्या सामन्याची बातमी मी गोठ्यापाशी वाचली होती तो आता माझ्यापुढे चालत होता. पहिल्यांदा पाहिला तो गावसकरसाठीच. पण शेवट ठाऊक असल्यामुळे धाकधूक नव्हती, आणि धाकधूक नसली की डोळे मोकळे होतात. ते पुन्हा पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. चौहानच्या ८० धावा. पहिल्या जोडीची भागीदारी २१३ धावांची. एकानं हाक दिली की दुसरा निघालेला असायचा. त्या २१३ धावांशिवाय ४३८ चा विचारदेखील कुणाच्या मनात आला नसता. दादांनी तेव्हा जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली.

मग मी चौहानच्या मागावरच राहिलो. मेलबर्नची १९८१ ची कसोटी लागली की मी जागचा हलत नसे. डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यामुळे संतापलेला गावसकर चौहानलाही मैदानाबाहेर घेऊन निघाला, हे दृश्य अनेकांनी पाहिलेलं आहे. तोवर दोघांनी १६५ धावांची सलामी दिली होती. मी दर वेळी पाहतो तो चौहानचा चेहरा. कर्णधार आणि जोडीदार ओढत नेतो आहे, आणि आपला डाव तर अजून संपलेला नाही. सीमारेषेपाशी व्यवस्थापक शाहिद दुर्राणींनी त्याला परत पाठवलं. तो आत गेला आणि ८५ पर्यंत पोचला. भारतानं पुढे ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळलं. दुखऱ्या पायानं गोलंदाजी करत कपिलनं २८ धावांत ५ बळी घेतले आणि सामना ५९ धावांनी जिंकला. दोघेही बाहेर गेले असते तर हा सामना पुढे झालाच नसता. गावसकरनं नंतर त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला. त्यामुळे त्याच्याबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही. माझ्या मैदानात मात्र आता दोन माणसं उभी राहिली.

एक सामना असा आहे जो मला कधीच पाहता येणार नाही. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध. ५ बाद १७ वरून कपिलनं नाबाद १७५ धावा केल्या, पण त्या दिवसाचं चित्रणच झालं नाही. धावफलक मात्र आहे. त्यात नवव्या जोडीच्या १२६ धावांच्या अभेद्य भागीदारीत किरमाणीच्या नाबाद २४ लिहिलेल्या आहेत. कपिलची ती खेळी न पाहताही जगाला पाठ आहे. किरमाणीनं त्या दिवशी किती चेंडू अडवले, कसे अडवले, हे बघायला कॅमेरा नव्हता. हा धावफलक एकदा वाचत असताना मला एकाएकी दादा आठवले. त्यांच्या रात्रींचं तरी कुणी काय पाहिलं होतं? मी तर घरात झोपलेलो असे.

हे त्यांना सांगायची संधी मिळाली ती २०२० च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी लागण्याआधी मी गावी गेलो होतो, तो तिथेच अडकलो. बागेत द्राक्षं तयार होती आणि व्यापारी फिरकत नव्हते. दादा दिवसभर बागेत जाऊन घड बघून यायचे आणि संध्याकाळी टीव्हीपुढे गप्प बसायचे. नवे सामने बंद होते, म्हणून दूरदर्शनची क्रीडावाहिनी जुन्या सामन्यांची क्षणचित्रं दाखवत होती. त्यात कोलकात्याची २००१ ची कसोटी आली. फॉलोऑन मिळालेला, आणि लक्ष्मण-द्रविड १४ मार्चचा अख्खा दिवस बाद न होता खेळत राहिले. ३७६ धावांची भागीदारी. लक्ष्मणच्या २८१.

"आन् ह्यो दुसरा?" दादांनी विचारलं.

"द्रविड. त्याच्या एकशेऐंशी."

मनात पुष्कळ दिवस साठलेलं होतं. मी म्हणालो, "दादा, आपल्या घरातले द्रविड तुम्ही. तुम्ही एक बाजू लावून धरलीत म्हणून मी खेळलो."

मला वाटलं होतं, ते हसतील किंवा त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी जरा रागानंच माझ्याकडे पाहिलं. "त्यानं एकशेऐंशी काय लक्ष्मणसाठी काढल्या व्हय? त्याला खेळायचं व्हतं, तो खेळला. मला शेती करायची व्हती, मी केली. तू पुण्याला गेला नसतास तरी केलीच असती." आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

मी बराच वेळ काही बोललो नाही. दादांचे कष्ट मला दिसले, याचं मला मनातून थोडं कौतुक वाटत होतं. पण त्या दिसण्यातही मध्यभागी मीच उभा होतो. आधी ते मला दिसतच नव्हते. दिसले तेव्हा माझे साथीदार म्हणून दिसले. त्यांची स्वतःची खेळी काय होती, हे मी विचारलं नव्हतं. त्या टाळेबंदीत ते विचारायला सुरुवात केली. खडकाळ तुकड्यात विहीर कुठे घ्यायची हे त्यांनी कसं ठरवलं, पहिली द्राक्षबाग काढून टाकताना काय वाटलं, कांद्याचं बी घरीच धरताना गोट कसा निवडायचा, डोंगळे कधी काढायचे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक त्यांचं बी न्यायला येतात, हे मी लहानपणापासून पाहत होतो. त्यामागचं कसब मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला चेतन चौहान गेले, करोनाच्या आजारात. ४० कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं, सर्वोच्च ९७, शतक एकही नाही. गावसकरबरोबर सलामीला तीन हजारांहून अधिक धावा. त्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांत ते 'गावसकरचे जोडीदार' होते. चार महिन्यांपूर्वी मीही तसंच म्हटलं असतं. त्या रात्री मी मेलबर्नच्या ८५ पुन्हा पाहिल्या, या वेळी फक्त त्यांच्या म्हणून. संघाच्या कामी आलेल्या आणि तरीही पूर्ण त्यांच्या स्वतःच्या.

तेव्हा निकाल ठाऊक असलेले सामने का बघायचे, याचं माझं उत्तर एवढंच आहे. मला माणसं पाहायला शिकवणारी दुसरी शाळा मिळाली नाही. गावसकर, चौहान, किरमाणी, द्रविड, ते सामने टिपून ठेवणारे अनाम कॅमेरेवाले, आणि धावतं वर्णन करून आमच्या गावापर्यंत मैदान आणणारे बाळ पंडित, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. दादांचं ऋण तर त्यांना मान्यच नाही, त्यामुळे ते फेडण्याची सोयही नाही. माझ्या हातात एक छोटी गोष्ट आहे, ती मी करतो. दादांबद्दल कुणी विचारलं तर 'त्यांनी मला शिकवलं' हे दुसऱ्या वाक्यात सांगतो. पहिल्या वाक्यात सांगतो की आमच्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखं कांद्याचं बी कुणी धरत नाही.