परळची ‘चूल’

परळ स्टेशनात उतरून टाटा रुग्णालयाकडे निघालं की मराठी हळूहळू मागे पडते. फूटपाथवर पसरलेल्या चटया, काखेत एक्स-रेची पाकिटं आणि कानावर बंगाली, असमिया, भोजपुरी. शेजारचं केईएम १९२६ सालचं, टाटा १९४१चं. तेव्हापासून गावोगावचे रोगी इथे येतात. बांगलादेशातूनही येत आले आहेत.

दादरच्या एका धर्मशाळेत मी डबे घेऊन जात असे. तिथे खुलन्याची एक तरुण बाई भेटली. नवरा कागदांच्या रांगेत, आणि उद्यापासून हिची केमोथेरपी. माझा हात धरून सारखी म्हणे, “आमार चूल! आमार चूल!” मला वाटलं, बाईचा जीव, घरच्या चुलीत अडकला असेल. मी आपली मोडक्या हिंदीत समजावतेय, अगं, रांधेल कुणीतरी! तेव्हा तिने पदर सारला आणि जाडजूड वेणी माझ्या हातात ठेवली. बंगालीत चूल म्हणजे केस! मी अगदी ओशाळले. बरं, हिंदीतला ‘बाल’ म्हणायचीही सोय नाही. बंगालीत तो शब्द अर्वाच्य.

केस बहुधा परत येतात, हे मग हातानेच सांगितलं. आधी टाळूवर हात, मग कानापाशी, मग खांद्यापाशी. ती जराशी हसली.

मैत्रिणींनो, अशी कुणी भेटली तर कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी बघून गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या. आणि “समजलं का?” असं विचारू नका, मान सगळ्याच हलवतात. कुठली गोळी कधी, ते तिलाच दाखवायला लावा.