जिथं 'कचेरी'ला जातात गाणं ऐकायला!

डिसेंबर उजाडला की चेन्नईत घरोघरी एकच विषय असतो. आज कुठल्या सभेला जायचं, कुणाची कचेरी ऐकायची आणि कुठल्या कँटीनमध्ये जेवायचं? लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या या उत्सवाची आणि त्याच्या बंद-उघड्या दारांची ही गोष्ट...

मराठी माणूस कचेरीत जातो तो सात-बाराचा उतारा काढायला आणि सभेला जातो तो पुढाऱ्याचं भाषण ऐकायला. चेन्नईत मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ पार बदलतो. तिथं 'कचेरी' म्हणजे गाण्याची मैफल आणि 'सभा' म्हणजे ती मैफल भरवणारी संस्था. ऑफिसातून रजा काढून कचेरीला जाणारा माणूस पाहायचा असेल तर डिसेंबरच्या मध्यावर चेन्नई गाठावी.

तमिळ पंचांगातला मार्गळी महिना साधारण 15-16 डिसेंबरला सुरू होतो आणि पोंगलपर्यंत म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत चालतो. याच दिवसांत शहरातल्या डझनावारी सभा शेकडो कार्यक्रम करतात. आपल्याकडे पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. पण तिथं मांडव एक, मंच एक आणि चार-पाच दिवसांचा मामला. चेन्नईत एकाच संध्याकाळी मैलापूर, टी. नगर, ट्रिप्लिकेन अशा निरनिराळ्या भागांत कचेऱ्या रंगलेल्या असतात. कुणाला ऐकायचं आणि कुणाला सोडायचं हा खरा पेच! 2017 साली युनेस्कोनं चेन्नईला 'संगीताचं सर्जनशील शहर' म्हणून मान दिला तो उगाच नव्हे.

काँग्रेसच्या मांडवातून अकादमी

या सगळ्याच्या मुळाशी राजकारण आहे असं सांगितलं तर नवल वाटेल. 1927 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन मद्रासला भरलं. त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद घेण्यात आली. तिथंच संगीतासाठी कायमची संस्था हवी असा विचार पक्का झाला आणि 18 ऑगस्ट 1928 रोजी मद्रास म्युझिक अकादमीचं उद्घाटन झालं. पुढं तिची वार्षिक परिषद नाताळच्या सुमारास भरू लागली. इतर सभांनीही तोच मुहूर्त धरला आणि 'डिसेंबर सीझन' जन्माला आला.

त्याआधी कर्नाटक संगीताला आधार होता तो राजदरबाराचा, देवळांचा आणि श्रीमंतांच्या लग्नकार्यांचा. सभांनी ती जागा घेतली. वकील, डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर अशा मंडळींनी वर्गणी काढली, हॉल मिळवले, कलावंतांना बोलावलं. आजही सभेचा कारभार बहुतेक ठिकाणी हौशी पदाधिकारीच पाहतात. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. इतरांनी तिकीट काढायचं. कंपन्यांच्या जाहिराती आणि देणग्या आता वाढल्या असल्या, तरी संस्थेचा कणा सभासदच.

यातली सगळ्यात शहाणपणाची रीत म्हणजे दुपारचे कार्यक्रम. संध्याकाळच्या मोठ्या कचेरीला तिकीट असतं. पण बऱ्याच सभांत दुपारच्या वेळी नव्या, तरुण कलावंतांचं गाणं फुकट ऐकायला मिळतं. पेन्शनीत निघालेले आजोबा, हातात वही घेऊन रागांची नोंद करणाऱ्या आजी, शाळेला सुटी लागलेली नातवंडं असा सगळा प्रेक्षक जमतो. आज दुपारी बाराला गाणारी मुलगी दहा वर्षांनी रात्रीच्या मुख्य कचेरीत दिसली की हीच मंडळी सांगतात, 'हिला आम्ही पहिल्यांदा ऐकलं!'

आणि कँटीन? आपल्याकडे शिवाजी मंदिरच्या बटाटेवड्याचं जे कौतुक, तेच तिथं सभेच्या कँटीनचं. केळीच्या पानावरचं जेवण, अडई-अवियल, केळफुलाचा वडा, वाफाळती फिल्टर कॉफी. मृदंगाचं एकलवादन, ज्याला 'तनि आवर्तनम' म्हणतात, ते सुरू झालं की काही रसिक हळूच उठून कँटीनकडे सटकतात. बिचाऱ्या मृदंगवादकांची ही जुनी तक्रार आहे!

कीर्तनकारांनी नेलेलं मराठी

या गर्दीत मराठी कान एका ठिकाणी हमखास टवकारतात. कचेरीच्या शेवटी हलकीफुलकी पदं गातात, त्यांना 'तुक्कडा' म्हणतात. त्यात अनेकदा चक्क अभंग असतो. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी अभंग गाऊन तमिळ श्रोत्यांना विठ्ठलाची गोडी लावली. 2018 साली त्यांना अकादमीचा 'संगीत कलानिधी' हा मानाचा किताब मिळाला.

पण हे नातं त्याहून जुनं आहे. तंजावरला 1676 नंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षं भोसल्यांचं राज्य होतं. त्या काळात आणि नंतरही महाराष्ट्रातले कीर्तनकार तिथं जात. रामदासी परंपरेतल्या मेरुस्वामींचं, मोरगावकर बुवांचं कीर्तन तंजावरकरांनी ऐकलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याला कर्नाटक संगीताची जोड देऊन 'कथाकालक्षेपम' घडवला. त्यामुळेच तमिळ कथेकरी आजही साकी, दिंडी, ओवी हे शब्द वापरतात. चेन्नईच्या सभांमधून हा प्रकार कचेरीच्या मानानं मागं पडला आहे. तरी मार्गळीत कुठं ना कुठं कथा असते आणि तिथं गेलेल्या मराठी माणसाला घरची ओळख पटते.

दाराबाहेर कोण राहिलं?

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थांनी कुणाला आत घेतलं आणि कुणाला नाही, हा प्रश्न या शहराला जवळजवळ शंभर वर्षं छळतो आहे.

नृत्याचंच पाहा. देवदासींचा नाच म्हणून ज्याला नावं ठेवली जात, तो 1931 साली ई. कृष्ण अय्यर यांच्या आग्रहानं अकादमीच्या मंचावर आला आणि देवदासी घराण्यातल्या दोन बहिणी तिथं नाचल्या. 1935 च्या डिसेंबरमध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत नाचल्या, पुढच्याच वर्षी त्यांनी 'कलाक्षेत्र' काढलं. भरतनाट्यम घराघरांतल्या मुली शिकू लागल्या. पण ज्या घराण्यांनी ही कला पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांच्यातल्या बहुतेक स्त्रिया मंचावरून दिसेनाशा झाल्या. त्या परंपरेतल्या बालासरस्वती अपवाद ठरल्या. 1973 साली 'संगीत कलानिधी' मिळवणाऱ्या त्या पहिल्या नर्तकी.

भाषेचंही तसंच. कचेरीत तेलुगू आणि संस्कृत रचनांचाच बोलबाला असे. तमिळनाडूतच तमिळ गाणं शेवटच्या तुक्कड्यापुरतं का, असा सवाल करत राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकारानं 1943 साली 'तमिळ इसै संगम' उभा राहिला. लेखक कल्की यांनी लेखणी झिजवली. संगमाचा महोत्सवही डिसेंबरमध्येच होतो. आज कुठल्याही कचेरीत तमिळ रचना मानानं ऐकू येतात, त्यामागं त्या चळवळीचा मोठा वाटा आहे.

आणि जातीचं काय? सभांचे श्रोते आणि कलावंत बहुतांश ब्राह्मण समाजातले, हा आक्षेप गायक टी. एम. कृष्णा यांनी उघडपणे घेतला. 2015 साली त्यांनी डिसेंबर सीझनमध्ये न गाण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेझंट नगरच्या समुद्रालगतच्या ऊरूर-ओलकॉट कुप्पममध्ये एक आगळा उत्सव झाला. कुप्पम म्हणजे आपला कोळीवाडा. कोळ्यांच्या वस्तीत कर्नाटक गाणं, भरतनाट्यम आणि दलितांचं वाद्य मानलं गेलेलं 'परै' एकाच मंचावर आलं. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. 2024 साली अकादमीनं याच कृष्णांची 'संगीत कलानिधी'साठी निवड केली तेव्हा काही नामवंत कलावंतांनी निषेध म्हणून आपले कार्यक्रम काढून घेतले. वाद मिटलेला नाही. पण तो दाराआड न राहता चव्हाट्यावर आला, हेही थोडं नव्हे.

सरकारी पातळीवरही कला रस्त्यावर आणण्याचा प्रयोग झाला. 2007 मध्ये 'चेन्नई संगमम' सुरू झालं आणि ओयिलाट्टम, करगाट्टम, पोय्क्काल कुदिरै असे खेड्यांतले कलाप्रकार शहरातल्या बागांत आणि समुद्रकिनारी अवतरले. सत्ताबदलानंतर ते बंद पडलं. 2023 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं.

पुस्तकांसाठी कर!

गाण्याइतकाच चेन्नईला पुस्तकांचा नाद. एस. आर. रंगनाथन हे 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. गणित शिकवणाऱ्या या माणसानं ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, ते 1931 साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्याचा गाभा. त्यांच्या प्रयत्नांतून 1948 साली मद्रास राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. स्वतंत्र भारतातला हा असा पहिला कायदा. त्यानुसार मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर गोळा होतो. म्हणजे घरपट्टी भरणारा प्रत्येक चेन्नईकर वाचनालयाचाही वर्गणीदार! महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात असा उपकर नाही, आपली वाचनालयं अनुदानाकडे डोळे लावून बसतात.

एग्मोरचं कॉनेमारा ग्रंथालय 1896 च्या डिसेंबरमध्ये उघडलं. हेन्री अर्विन यांनी बांधलेल्या जुन्या इमारतीतल्या रंगीत काचा पाहण्यासारख्या आहेत. देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कायद्यानं ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यातलं हे एक. म्हणजे मराठी पुस्तकांचाही इथं हक्काचा कोपरा आहे.

कोट्टूरपुरमचं अण्णा शताब्दी ग्रंथालय 15 सप्टेंबर 2010 रोजी सुरू झालं. मुलांसाठी वेगळं दालन, अंधांसाठी ब्रेल विभाग, स्वतःची पुस्तकं आणून अभ्यास करायची सोय. वर्षभरातच सत्ता बदलली आणि नोव्हेंबर 2011 मध्ये नव्या सरकारनं तिथं मुलांचं रुग्णालय करायचा निर्णय घेतला. वाचक, लेखक, विद्यार्थी खवळले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली आणि ग्रंथालय वाचलं. आज तिथल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दिवसभर बसलेली दिसतात. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलासाठी ती खुर्ची किती मोलाची, हे चाळीत वाढलेल्या मुंबईकराला सांगायला नको.

जानेवारीत पोंगलच्या आसपास ग्रंथविक्रेते आणि प्रकाशकांची संघटना पुस्तक मेळा भरवते. 1977 पासूनची ही परंपरा. नव्या वर्षाची खरेदी म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं पिशव्या घेऊन येतात.

जायचं असेल तर...

डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा धरावा. ईशान्य मोसमी पाऊस तोवर सहसा सरलेला असतो, हवाही सुखद असते. मुक्काम मैलापूर किंवा टी. नगर भागात केला तर बऱ्याच सभा जवळ पडतात. मैलापूरला तिरुमयिलै हे लोकल स्टेशन आहे. मोठ्या कलावंतांच्या तिकिटांची चौकशी आधीच करावी. खिसा हलका असेल तर दुपारच्या फुकट कचेऱ्या आहेतच. सकाळी लवकर उठून मैलापूरच्या कपालीश्वर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरच्या रांगोळ्या, म्हणजे 'कोलम', जरूर पाहाव्यात. मुलं बरोबर असतील तर एक सकाळ एग्मोरचं संग्रहालय आणि शेजारच्या कॉनेमारासाठी राखून ठेवावी. आणि ऑगस्टमध्ये जाणं झालं तर 22 ऑगस्टच्या 'मद्रास डे'च्या आगेमागे जुन्या शहरातून निघणाऱ्या पदयात्रा चुकवू नयेत.

भाषा येत नाही म्हणून बिचकण्याचं कारण नाही. शेजारचा म्हातारा रसिक गाणं सुरू होताच रागाचं नाव सांगतो, ताल हातावर धरून दाखवतो आणि मध्यंतरात कॉफी कुठं चांगली मिळते तेही सांगतो. तेवढी ओळख पुरते.