प्रश्न विचारणाऱ्याचा वेळ

2024 च्या 7 मे रोजी गुजरातेत लोकसभेच्या 25 जागांसाठी मतदान झाले. सव्विसावी जागा सुरतची. तिथे मतदान झालेच नाही. त्यानंतर महिन्याने, 7 जूनला, मी डब्लिन महापालिकेसाठी मत दिले. मी आयर्लंडची नागरिक नाही. पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या कुणालाही मतदार यादीत नाव घालता येते. लांबलचक मतपत्रिकेवर पसंतीचे एक, दोन, तीन असे आकडे लिहिले, ती पेटीत टाकली आणि सुरतेतल्या कतारगामला दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "तुला परक्या देशात मत आहे. मला माझ्या घरी नाही."

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील कामासाठी सुरतेला आले तेव्हा खानदेशातली बहुतेक माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा भागात राहत. आम्ही मात्र कतारगामात वाढलो, हिऱ्याच्या कारखान्यांच्या आणि सौराष्ट्रातून आलेल्या पटेल कुटुंबांच्या शेजारात. शिकलो महापालिकेच्या मराठी शाळेत. उंधियूसाठी सगळ्या सुरतेत नावाजलेली कतारगामची पापडी जिथे पिकायची, तिथल्या बऱ्याच जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. कष्टाळू वस्ती आहे ती, आणि तिथल्या माणसांना सरकारला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. हिऱ्यातली मंदी आली तेव्हा कारखान्यांच्या दिवाळीच्या सुट्ट्या लांबल्या, पगार कापले गेले, हिरे घासायच्या घंटीवर बसणारे कितीतरी रत्नकलाकार घरी बसले. त्यांच्या वतीने उभे राहून विचारणार कोण, हा माझ्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

सुरतेत काय घडले ते थोडक्यात सांगते. 21 एप्रिल 2024 रोजी काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभानी यांचा अर्ज बाद झाला, कारण अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत असे त्यांच्या सूचकांनीच लिहून दिले. पर्यायी उमेदवाराचा अर्जही तसाच गेला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. 1957 पासून 1980 पर्यंत मोरारजी देसाईंना लोकसभेत पाठवणारा हा मतदारसंघ. पुढे काशीराम राणा इथून सहा वेळा जिंकले, पण दर वेळी लढून. या वेळी सोळा लाखांहून अधिक मतदारांना यंत्रासमोर उभे राहायलाच मिळाले नाही. 'नोटा'चे बटणही नाही. भाजप तिथे बहुधा जिंकलाच असता, हे मला मान्य आहे. पण हरलेल्या बाजूची मते मोजली जाणे, तिला नाव आणि आकडा मिळणे, हेसुद्धा निवडणुकीचे काम आहे.

इथे डब्लिनमध्ये मला सगळ्यात जवळचे वाटलेले राजकीय ठिकाण म्हणजे किल्डेअर स्ट्रीटवरचे लेन्स्टर हाउस. आयरिश संसदेचे कनिष्ठ सभागृह, डॉल, तिथे भरते. अधिवेशन चालू असताना मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस विरोधी गटांच्या नेत्यांचे प्रश्न असतात. विषय आधी कळवावा लागत नाही. नेता तीन मिनिटे बोलतो, सरकार तीन मिनिटे उत्तर देते, मग एकेक मिनिट पुन्हा. मंगळवारी आणि बुधवारी उत्तर द्यायला साधारणतः स्वतः टीशक, म्हणजे पंतप्रधान, उभे असतात. आपल्या लोकसभेत तारांकित प्रश्नाला पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. सखोल आकडेवारीसाठी ती पद्धत बरीच आहे. पण काल रात्री जे घडले ते आज दुपारी सरकारच्या प्रमुखाला विचारता येणे ही वेगळीच ताकद आहे.

घरांचा विषय घ्या. डब्लिनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही स्थलांतरिताला तो समजावून सांगावा लागत नाही; पगाराचा केवढा तरी भाग भाड्यात जातो आणि एकेका खोलीसाठी माणसांच्या रांगा लागतात. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीआधी सरकार सांगत होते की वर्षअखेर 40,000 च्या आसपास घरे पूर्ण होतील. जानेवारीत सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला: 30,330. विरोधी बाकावरच्या शिन फेन पक्षाच्या मेरी लू मॅकडोनाल्ड यांनी तो सभागृहात लावून धरला. निवडणुकीत लोकांना चुकीचे का सांगितले, हा त्यांचा रोख होता. त्या पक्षाची सगळीच मते मला पटतात असे नाही. पण दहा हजार घरांचा फरक कुणीतरी मोठ्या आवाजात, पंतप्रधानांच्या तोंडावर मांडला, आणि तो नोंदीत गेला.

दुसरे उदाहरण मला अधिक लागते. 2017 मध्ये आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांनी शब्द दिला होता की पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी कुठल्याही मुलाला चार महिन्यांपेक्षा जास्त थांबावे लागणार नाही. मुले थांबतच राहिली. हॅरिस पुढे टीशक झाले, मग उपपंतप्रधान, आणि ते वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा ठेवले जात राहिले. मंत्र्याचे खाते बदलते, पण दिलेला शब्द विसरू न देणारे कुणीतरी समोरच्या बाकावर बसलेले असते. ज्या आईबापांनी ती वाट पाहिली त्यांचे दुःख प्रश्नाने कमी होत नाही. निदान त्यांना एकट्याने बोलावे लागत नाही.

या टीशकपदाला एक मराठी धागाही आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे अशोक वराडकर डॉक्टर म्हणून इकडे आले. त्यांचे चिरंजीव लिओ 2017 ते 2020 आणि पुन्हा डिसेंबर 2022 ते एप्रिल 2024 टीशक होते. 2019 च्या डिसेंबरअखेर ते वराडला गेले तेव्हा महाराष्ट्राने मनापासून कौतुक केले, मलाही भरून आले. पण आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्या पदाचेच वर्णन होते. त्या पदावरचा माणूस दर आठवड्याला उभा राहून घरे, इस्पितळातल्या खाटा, महागाई यांवर विरोधकांचा मारा सोसतो, आणि ते टाळून त्याला चालत नाही, हा भाग कुणी फारसा सांगितला नाही. मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे खरे तर तिथेच अधिक आहे. 2011 पूर्वी हेच वराडकर विरोधी बाकावरून विचारत होते.

आयर्लंडमध्येही प्रश्नांचा हा वेळ आपोआप टिकत नाही. 22 जानेवारी 2025 रोजी मीहॉल मार्टिन यांची टीशकपदी निवड व्हायची होती. ज्या अपक्षांच्या गटाने सरकार बनवायला पाठिंबा दिला, ज्यांतले काही राज्यमंत्री व्हायचे होते, त्यांच्यातल्याच उरलेल्यांनी विरोधी गट म्हणून प्रश्नांचा वेळ मागितला. विरोधक उसळले. सभागृह पुन्हा पुन्हा तहकूब झाले आणि निवड दुसऱ्या दिवसावर गेली. मार्चमध्ये सरकारने नियम बदलून त्यांना वेगळा वेळ दिलाच. मग पहिल्या महिला सभापती व्हेरोना मर्फी यांच्यावरील अविश्वासापर्यंत गोष्ट गेली, त्यातून त्या तरल्या. इथल्या पुष्कळांना तो सारा गोंधळ लाजिरवाणा वाटला. मला तसे वाटले नाही. सरकारच्या बाजूने मत देणाऱ्याने सरकारला जाब विचारण्याची जागा घ्यायची नाही, या साध्या तत्त्वासाठी सभागृहाचा एक दिवस गेला तर तो वाया गेला असे मी म्हणणार नाही.

डॉलमध्ये 174 सदस्य आहेत आणि गट म्हणून मान्यतेला पाच पुरतात. छोट्या पक्षांना, अपक्षांना एकत्र येऊनही गट करता येतो. आपल्याकडे पक्षाला मान्यतेसाठी सभागृहाचा दहावा हिस्सा लागतो, आणि ही प्रथा सुरू झाली पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्यापासून. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा, आयुष्य अहमदाबादेत गेलेले. म्हणजे माझ्यासारख्या गुजरातेतल्या मराठी माणसाचे पूर्वज म्हणावेत असे. त्यांनी सभागृहाच्या गणसंख्येचे माप पक्षाला लावले. नव्या प्रजासत्ताकात सुटेसुटे गट एकत्र यावेत, हा हेतू समजण्यासारखा होता. पण 1977 च्या विरोधी पक्षनेत्याच्या कायद्यात दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. तरीही त्याच मापावर बोट ठेवल्यामुळे 2014 पासून दहा वर्षे लोकसभेला विरोधी पक्षनेता नव्हता. गुजरात विधानसभेत 2022 नंतर 182 पैकी 17 आमदार असलेल्या काँग्रेसला ते पद नाकारले गेले. महाराष्ट्रात 2024 च्या निकालानंतर 288 च्या सभागृहात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे 20, काँग्रेसचे 16, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे 10, आणि खुर्ची रिकामी. दादासाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की हे माप आता बदलायला हवे. विरोधक जितके कमी, तितकी त्यांच्या आवाजाला जपण्याची गरज जास्त.

कतारगामने विरोधकांना कधी थाराच दिला नाही असे कुणी समजू नये. 2021 मध्ये सुरत महापालिकेच्या 120 जागांपैकी 27 आम आदमी पक्षाला मिळाल्या, काँग्रेसला एकही नाही. त्या 27 मधले बरेच पुढे भाजपमध्ये गेले, आणि ज्यांनी प्रश्न विचारायला म्हणून त्यांना निवडले होते त्यांना कुणी विचारले नाही. 2022 च्या विधानसभेला आम आदमी पक्षाचे गोपाल इटालिया कतारगामातून उभे राहिले आणि भाजपच्या विनोद मोरडियांकडून 64,627 मतांनी हरले. पण 55,878 माणसांनी त्यांना मत दिले होते. तो आकडा आज सांगता येतो, कारण तेव्हा यंत्रे लागली होती. इटालिया पुढे 2025 मध्ये विसावदरच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत पोहोचले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 53(2) सांगते की जागेइतकेच उमेदवार उरले तर मतदान न घेता निकाल जाहीर करावा. या कलमाला आव्हान देणारी विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल 2025 च्या सुनावणीत न्यायालयानेच विचारले की एकच उमेदवार उरला तरी त्याला किमान काही मते मिळायला नकोत का. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की लोकसभेत अशी प्रकरणे फारच थोडी झाली. थोडी असतील. त्यातले एक माझ्या घराच्या पत्त्यावर झाले आहे. एकच नाव उरले तरी त्याच्याखाली 'नोटा' ठेवून कतारगामच्या शाळांत मतदान केंद्रे उघडावीत, असे मला वाटते, आणि दादा त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा पगार सोडूनही रांगेत जाईल याची मला खात्री आहे.