वकट, लेंड, मूंड, नाल

काही शब्दांना कोशाची सनद नसते, व्याकरणाचा आधार नसतो आणि कोणत्याही गुरुजींनी ते फळ्यावर लिहिलेले नसतात. तरीही ते पिढ्यान् पिढ्या चालत येतात. मुलांच्या खेळांतले शब्द या जातीचे. सात वर्षांच्या पोराला ते नऊ वर्षांचे पोर शिकवते आणि मिसरूड फुटू लागली की हा गुरू त्या विद्येतून निवृत्त होतो. इतक्या अल्पायुषी गुरूंची परंपरा दुसऱ्या कोणत्या शास्त्रात असेल असे मला वाटत नाही.

पुण्यामुंबईकडच्या मुलांवर खेळात 'राज्य' येते. ज्याच्यावर राज्य आले त्याने धावायचे, घाम गाळायचा आणि इतरांची हसणी सोसायची! राज्यकर्त्यांविषयी इतके सडेतोड मत मोठ्या माणसांनी क्वचितच मांडले असेल. आमच्या वर्धा जिल्ह्यातली पोट्टी मात्र 'दाम' देत. इकडे हिंदी आणि मराठी एकाच अंगणात नांदतात, त्यामुळे विटीला कुणी 'गिल्ली' म्हटले तरी कुणाचे बिघडत नसे. धाकट्या भावाला खेळायला घेतल्याशिवाय आई घराबाहेर सोडत नसे. तेव्हा त्याला 'कच्चा लिंबू' करून घ्यायचे. तो धावणार, ओरडणार, पण बाद होणार नाही. बहुमताने हरलेल्या माणसाला सभेत बसू देण्याची ही युक्ती किती सभ्य आहे पाहा!

आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात तिच्यात पाय रुतला की चप्पल तिथेच राहते. उन्हाळ्यात भेगा पडतात; विटी भेगेत गेली की निम्मा दिवस भांडणात जातो. म्हणून विटीदांडूचा खरा हंगाम हिवाळ्याचा. बाभळीच्या फांदीची विटी, दोन्ही टोके तासलेली, हातभर दांडू, आणि जमिनीत टाचेने उकरलेली लांबट गल. गलीवर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने उडवायची, याला 'कोलणे' म्हणतात. एखाद्याला खुशाल झिडकारले की आपण त्याला 'कोलले' म्हणतो, ते बोलणे याच गलीतून वर आलेले असावे. 'टोला हाणणे' आणि 'रडीचा डाव' यांनीही असाच खेळाच्या मैदानातून राजकारणात प्रवेश केला आहे.

पण या साऱ्यांहून माझे मन ज्यात गुंतले तो प्रकार मोजणीचा. विटी जिथे पडली तिथपासून गलीपर्यंत दांडूने अंतर मोजायचे, तेही एक, दोन, तीन असे नव्हे. वकट, लेंड, मूंड, नाल, आर! मोजणी ज्या शब्दावर संपेल त्या शब्दाचा टोला पुढे मारायचा. एक पायावर विटी ठेवून, एक मुठीवरून, एक चक्क डोळ्यावरून. गाव बदलले की हे आसनही बदले. शब्द मात्र तेच. आमचे एक गुरुजी या शब्दांना 'रानटी बडबड' म्हणत, आणि वर्गात कुणाच्या तोंडून 'लेंड' निघाले तर छडी उचलीत. शब्दाचा अर्थ विचारायची कुणाची छाती नव्हती; आणि अर्थ असेल, ही शंका तरी कुणाला होती?

सेवाग्रामहून हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशा करीत रेल्वे खाली काझीपेठेला, म्हणजे थेट तेलंगणात उतरते. कॉलेजात असताना हिंगणघाटच्या भाजीबाजारात मी उभा होतो. शेजारी रेल्वेतल्या कुणा नोकरदाराची बायको लिंबे मोजून घेत होती. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु..." माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. माय, ही तर विटीदांडू खेळते आहे! ओकटिचे वकट, रेंडुचे लेंड, मूडुचे मूंड, नालुगुचे नाल. आमची रानटी बडबड म्हणजे तेलुगूतले एक, दोन, तीन, चार होते. तेलुगूचे एक अक्षर न येणारी वर्ध्याची पोरे तेलुगूत मोजत होती, आणि ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती, त्यांच्या गुरुजींनाही नव्हती.

माझी भाची अमेरिकेत ओहायो राज्यात असते. तिकडे घरामागच्या हिरवळीवर 'कॉर्नहोल' नावाचा खेळ चालतो. सत्तावीस फुटांवर एक उतरती फळी, तिला सहा इंचांचे भोक. मक्याच्या दाण्यांची थैली त्यात गेली की तीन गुण, फळीवर राहिली की एक. फळीला न शिवता थेट भोकात गेली तर तिचे नाव 'एअरमेल'. फळीवर टिकली तर 'वूडी'. भाचीचा मुलगा हे शब्द माझ्याशी फोनवर अशा ऐटीत बोलतो की मला आमची गल आठवते. त्याच्या शब्दांना आता नियमपुस्तके आहेत, स्पर्धा आहेत. वकटला काय आहे? परवा सेलूजवळच्या एका गावात पोरांना विचारले. सगळी क्रिकेट खेळत होती, आणि चांगली खेळत होती. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्यातल्या एकालाही 'मूंड' म्हणजे काय ते सांगता आले नाही. नऊ वर्षांच्या गुरूकडून सात वर्षांच्या शिष्याकडे जाणारी ही विद्या एकदा मध्येच तुटली की मोठ्यांना ती जोडता येत नाही, कारण मोठ्यांचे त्या शाळेत नावच नसते.

म्हणून मी आणि माझा एक बाळमित्र, दोघे सत्तरी ओलांडलेले, यंदा पोळ्याच्या दिवशी त्याच्या ओसरीवर वही घेऊन बसलो. नालपर्यंत एकमत झाले. पुढे माझे 'आर', मग 'झकू'. तो म्हणाला, "लेका, मधला 'वेद' विसरलास काय?"

मी त्याला समजावले, की तेलुगूत आरु म्हणजे सहा. म्हणजे नालनंतरचा पाच आपल्याकडे कुठेतरी हरवला आहे. तो ऐदु. त्याचाच तुझा वेद झाला असेल, तर तो आरच्या आधी हवा. आणि एडुचा, म्हणजे साताचा झाला असेल, तर नंतर. झकूला तर त्या आकड्यांत आईबापच सापडत नाहीत.

त्याने माझ्या हातातली वही काढून घेतली.

"तुझं तेलुगू ठेव बाजूला," तो म्हणाला. "आर मारल्यावर मी वेद मारला आहे. तू तेव्हा झेल घ्यायला पऱ्हाटीत उभा होतास."