एका आयरिश नामाची कुळकथा

पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा शिकू लागणे हा व्यवहारदृष्ट्या वेडेपणाच होय. त्यातून ती आयरिश! इंग्रजीच्या प्राध्यापकास पोटापाण्याच्या दृष्टीने तिचा कवडीचाही उपयोग नाही. तथापि तिच्यातील एका नामाने मला जो आनंद दिला, तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. ते नाम ‘बॅन’, अर्थ ‘स्त्री’.

याची रूपे पाहून नवशिक्याने हात टेकावेत. ‘स्त्रीचा’ म्हणावयाचे तर ‘म्ना’, अनेक स्त्रियाही ‘म्ना’च, आणि ‘स्त्रियांचा’ म्हणताना मात्र ‘बन’. शिवाय पूर्वी उपपद आले की आद्य ‘ब’चा उच्चार कोठे ‘व’, तर कोठे ‘म’. 1914 साली डब्लिन येथे ‘कुमन ना मन’ हा स्त्रियांचा संघ स्थापन झाला. त्या नावातील ‘मन’ म्हणजे हाच ‘बन’. लिहिताना ‘ब’ कायम, उच्चारात तो लुप्त!

अशा शब्दावर ‘अनियमित’ असा शिक्का मारून शालेय व्याकरण मोकळे होते. परंतु इतिहास निराळे सांगतो. मूळ भाषेतील एका कंठ्य ध्वनीचा आयरिशमध्ये ‘ब’ झाला. म्हणून आपली ‘गो’ तिकडे ‘बो’, आपला ‘जीव’ तिकडे ‘ब्यो’. त्याच न्यायाने ‘बॅन’ ही संस्कृत ‘जनि’ची बहीण, इंग्रजांची ‘क्वीन’ही त्याच घरची. त्या मूळ शब्दातील पहिला स्वर काही विभक्तींत लोपत असे. त्या लोपातून वेदांतील ‘ग्ना’ आली आणि आयरिश ‘म्ना’ही आली. संस्कृताने या दोन रूपांचे दोन स्वतंत्र शब्द केले. आयरिशने ती एकाच शब्दात नांदवली.

म्हणजे अपवाद म्हणून ज्याची हेटाळणी होते, तो पूर्वीच्या काळचा नियमच असतो. आपल्या ‘करणे’चे ‘केला’ आणि ‘मरणे’चे ‘मेला’ यांतही ‘कृत’ आणि ‘मृत’ यांची स्मृती आहे. क्वचित वापरातले शब्द सहज नव्या वळणावर जातात. रोज जिभेवर असलेले आपला जुना हट्ट सोडत नाहीत.

येथेच मन थोडे खिन्न होते. 1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला खरा. पण त्या देशातील बहुसंख्य घरांत आज इंग्रजीच बोलली जाते, आणि त्याच इंग्रजीवर माझा प्रपंच चालला आहे. ‘म्ना’ हजारो वर्षे टिकली ती घरोघरीच्या बोलण्यामुळे. घटनेतील कलम भाषेला मान देऊ शकते. तिला बोलते ठेवण्याचे काम मात्र घरातल्या माणसांनाच करावे लागते.